बिशप, चर्चची एकी आणि लष्करातले पाद्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे तीन विषय एकत्र का घेतले आहेत?

कारण तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: या पाळकाला सेवेचा अधिकार कोणी दिला, आणि तो कोण कोण मानतो? बिशपचे बरेचसे काम हा अधिकार देण्याचे आणि त्यावर लक्ष ठेवण्याचे असते. चर्चच्या एकीची बोलणी वर्षानुवर्षे याच मुद्द्यावर अडली. लष्करात पाद्री म्हणून भरती व्हायचे तर आजही बिशपच्या यादीत नाव लागते.

पाळक करू शकत नाही असे बिशप नेमके काय करतो?

अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेत दोन विधी बिशपशिवाय होत नाहीत: दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्याने विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी) आणि पाळकांची दीक्षा. बाप्तिस्मा, प्रभुभोजन, लग्न, अंत्यविधी हे सगळे पाळक करतो. डीकनला, म्हणजे पाळकाच्या खालच्या पायरीवरच्या सेवकाला, प्रभुभोजनाचा विधी चालवता येत नाही, त्यासाठी पूर्ण पाळकाची, म्हणजे प्रेस्बिटरची दीक्षा लागते. 1662 च्या प्रार्थनापुस्तकात डीकनसाठी किमान वय 23, पाळकासाठी 24 आणि बिशपसाठी 30 असे दिले आहे.

लोकांना बिशप दिसतो तो मुकुट, दंड आणि जांभळ्या सदऱ्यात. त्याचे खरे काम मात्र तो मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, तपासणीला भेट देतो तेव्हा पाहावे. नेटकी भेट घेणारा बिशप आधी रजिस्टरे मागवतो: बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, दफन, उपासनेची नोंदवही आणि हिशेब. लग्नाच्या रजिस्टरात साक्षीदारांच्या सह्या नसणे, बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे नाव गाळलेले असणे, दफनाच्या नोंदीत कबरीचा क्रमांक नसणे, हे दोष नेहमीचे. वीस वर्षांनी कुणी दाखला मागायला आले की मंडळीची पंचाईत होते.

बिशप कसा नेमला जातो?

चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये, म्हणजे आपल्या सी. एन. आय. मध्ये, डायोसीसच्या (एका बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाच्या) परिषदेकडून नावे जातात आणि अंतिम निवड सिनॉडच्या, म्हणजे साऱ्या चर्चच्या सर्वोच्च सभेच्या, पातळीवर होते. अभिषेकाला किमान तीन बिशप लागतात. ही अट इसवी सन 325 च्या निकिया परिषदेपासून चालत आली आहे. एकट्या बिशपने आपल्या मर्जीतला माणूस बसवू नये आणि नवा बिशप इतर डायोसीसांनाही मान्य असावा, हा तिचा हेतू. भांडणानंतर बाहेर पडलेला गट एखाद्या फिरत्या बिशपकडून घाईघाईने अभिषेक करवून घेतो, तेव्हा हीच अट मोडलेली असते.

भारतात अँग्लिकन बिशप उशिरा आले. त्याने काय अडले?

बरेच अडले. मुंबईचे सेंट थॉमस चर्च 1718 मध्ये उघडले, पण ते ईस्ट इंडिया कंपनीच्या पाद्रींनी चालवलेले. बिशप हजारो मैलांवर लंडनला. त्यामुळे इथे दृढीकरण नाही आणि कुणा भारतीयाला दीक्षाही नाही. 1813 च्या सनदी कायद्याने कलकत्त्याला बिशप आणि तिन्ही इलाख्यांत एकेक आर्चडीकन (बिशपच्या वतीने कारभार पाहणारा पाळक) मंजूर झाला, आणि 1814 मध्ये थॉमस मिडलटन पहिले बिशप झाले. पण आपल्या सनदेनुसार भारतीयांना दीक्षा देता येत नाही, असे त्यांचे मत होते. ही कायदेशीर अडचण दूर झाल्यावर रेजिनाल्ड हेबर यांनी 1824 मध्ये क्रिश्चन डेव्हिड या तमिळ उपदेशकाला दीक्षा दिली.

हेबर यांच्या एका डायोसीसमध्ये सगळा ब्रिटिश भारत, सिलोन आणि ऑस्ट्रेलियातली वसाहतही मोडत होती. 1825 मध्ये ते पुण्याला येऊन लष्कर भागातले सेंट मेरीज चर्च प्रतिष्ठित करून गेले आणि पुढच्याच वर्षी त्रिचनापल्लीला वारले. एवढ्या प्रदेशाला एक बिशप पुरणार नव्हता. 1833 च्या कायद्याने मद्रास आणि मुंबईला वेगळे बिशप मंजूर झाले. थॉमस कार 1837 मध्ये मुंबईचे पहिले बिशप झाले आणि सेंट थॉमस चर्च कॅथीड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, झाले.

पहिले भारतीय अँग्लिकन बिशप मात्र 1912 मध्ये झाले: दोर्नकलचे वेदनायगम सॅम्युएल अझरैया. सुमारे शंभर वर्षे लागली.

सी. एन. आय. अँग्लिकन आहे का?

फक्त अँग्लिकन नाही. ते अनेक पंथ मिळून झालेले एकत्रित चर्च आहे आणि अँग्लिकन कम्युनियनचे, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन चर्चच्या संघाचे, पूर्ण सदस्य आहे. मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड जागतिक संघटनांशीही त्याचे नाते आहे. महाराष्ट्रात हे प्रत्यक्ष दिसते: अहमदनगर (आता अहिल्यानगर) भागातल्या मंडळ्यांचे मूळ अमेरिकन मराठी मिशनच्या काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी स्वतंत्र असलेल्या) परंपरेत, कोल्हापूरकडच्यांचे प्रेस्बिटेरियन (वडीलजनांच्या सभेने चालणाऱ्या) परंपरेत, तर पुण्याचे पंचहौद चर्च पक्के अँग्लिकन. तिन्हीकडे आज बिशप आहे, पण उपासनेची चाल, वेदीची मांडणी आणि पंचमंडळाचा (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचा) दबदबा सारखा नाही. एकसारखेपणा हा एकीचा करार कधीच नव्हता.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला काय घडले?

ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा चर्च एक झाली: अँग्लिकनांचे चर्च ऑफ इंडिया, पाकिस्तान, बर्मा अँड सिलोन; प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांचे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया; उत्तर भारतातल्या बॅप्टिस्ट चर्चची परिषद; चर्च ऑफ द ब्रदरन; डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट; आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथडिस्ट. बोलणी 1929 मध्ये लखनौला सुरू झाली होती, म्हणजे एकेचाळीस वर्षे चालली.

एवढा वेळ कुठे गेला? मुख्यतः दोन जागी: बिशप आणि बाप्तिस्मा.

अँग्लिकनांचे म्हणणे 1888 च्या लॅम्बेथ परिषदेत, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या परिषदेत, चार मुद्द्यांत बांधले गेले होते: पवित्र शास्त्र, दोन प्राचीन मतांगीकार (श्रद्धेची सूत्रे), बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन संस्कार, आणि परंपरेने चालत आलेले बिशपपद. बाप्तिस्मा बालपणी की मोठेपणी हा प्रश्न (तो पुढे येतो) सोडला, तर पहिल्या तिन्हींवर फारसा वाद नव्हता. चौथ्यावर प्रेस्बिटेरियन आणि बॅप्टिस्ट विचारत: आमच्या पाळकांवर बिशपने हात ठेवले नाहीत, म्हणजे दीक्षा दिली नाही, म्हणून त्यांनी आजवर दिलेले प्रभुभोजन खोटे होते काय? अँग्लिकनांतल्या कडव्या गटाला भीती उलटी होती, की असे पाळक तसेच आत घेतले तर बिशपपदाला अर्थ काय उरला.

नागपूरला काढलेला तोडगा असा: सगळ्या परंपरांच्या सेवकांनी प्रार्थनापूर्वक एकमेकांवर हात ठेवायचे, आणि ज्याला ज्याची गरज आहे ते देवाने द्यावे अशा अर्थाची प्रार्थना करायची. ही पुन्हा दीक्षा आहे की नाही, हे मुद्दाम सांगायचे नाही. यावर संदिग्धतेचा आरोप झाला आणि तो खराही आहे. पण कुणाच्याही आधीच्या सेवेला खोटे न ठरवता सगळ्यांना बिशपपदाखाली आणण्याचा दुसरा मार्ग त्या वेळी टेबलावर नव्हता.

1947 च्या मद्रासच्या एकीत हेच झाले होते ना?

नाही, तिथली पद्धत वेगळी होती. 27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले, तेव्हा जे पाळक होते ते तसेच मान्य केले गेले. हात ठेवण्याचा सामायिक विधी झाला नाही. पुढच्या सगळ्या दीक्षा मात्र बिशपच देणार, म्हणजे सुमारे तीस वर्षांत सगळी सेवा आपोआप बिशपच्या दीक्षेखाली येणार, असा हिशेब होता. कोणत्याही मंडळीवर तिला न रुचणारा पाळक लादायचा नाही, असेही वचन दिले गेले.

याची किंमत द्यावी लागली. 1948 च्या लॅम्बेथ परिषदेने नव्या चर्चशी पूर्ण सहभागिता (एकमेकांचे पाळक आणि संस्कार मानणे) मान्य केली नाही, आणि आंध्रातल्या नंद्याळच्या अँग्लिकन मंडळ्या 1975 पर्यंत बाहेर राहिल्या. उत्तरेकडच्या योजनेने यातून धडा घेतला. सोपी पद्धत कोणती म्हणाल तर मद्रासची, पण बाहेरून मान्यता लवकर मिळाली ती नागपूरच्या पद्धतीला.

अमेरिकन मेथडिस्ट का आले नाहीत?

त्यांनी 1970 मध्येच, स्थापनेला काही महिने उरलेले असताना, माघार घेतली. त्यांचे स्वतःचे बिशप होते आणि आहेत. 1981 पासून ते मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून ओळखले जातात. एकाच शहरात दोन प्रोटेस्टंट बिशपांच्या पाट्या दिसतात त्या यामुळे.

चर्च एक झाली, मग मालमत्तेचे खटले अजून का चालतात?

ठरावाने मंडळी एक होते, जमीन होत नाही. जुन्या मुंबई राज्यात चर्चच्या मिळकती बहुधा ट्रस्टच्या नावावर होत्या आणि ते ट्रस्ट 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले होते. महाराष्ट्रात आता त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा म्हणतात. जुना ट्रस्ट रीतसर विसर्जित किंवा विलीन केल्याशिवाय आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंद बदलल्याशिवाय मालकी हलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या प्रकरणात नेमके हेच धरले: एकीचा ठराव झाला म्हणून जुन्या ट्रस्टची मालमत्ता आपोआप सी. एन. आय. कडे गेली असे होत नाही.

पंचमंडळाने निदान एवढे तपासून ठेवावे. ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आणि परिशिष्ट एकचा (ट्रस्टच्या सरकारी नोंदीचा) ताजा उतारा हाताशी आहे का? त्यावर विश्वस्त म्हणून हयात माणसांची नावे आहेत का? विश्वस्त बदलला की कलम 22 खाली नव्वद दिवसांत फेरफार अर्ज द्यायचा असतो. तो राहून जातो आणि दहा वर्षांनी कागदावर सगळे विश्वस्त मृत निघतात. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर मिशनचे जुने नाव आहे का? जमीन विकायची किंवा मोठ्या मुदतीने भाड्याने द्यायची तर कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. बिशपची सही तिची जागा घेत नाही, आणि असा व्यवहार झालाच तर तो पुढे रद्द ठरू शकतो.

लहानपणी बाप्तिस्मा झाला आहे. मोठेपणी पुन्हा घेता येईल का?

सी. एन. आय. मध्ये बालकांचा बाप्तिस्मा आणि विश्वास पत्करल्यावर घेतलेला बाप्तिस्मा हे दोन्ही मार्ग मान्य आहेत. बालकांचा बाप्तिस्मा देणे पाळकाच्या विवेकाला पटत नसेल तर तो दुसऱ्या पाळकाला बोलावू शकतो. पण एकाच माणसाला दोनदा हा वेगळा विषय आहे. दुसरा बाप्तिस्मा दिला की पहिला खोटा ठरतो, आणि मग एकीचा पायाच हलतो. पाळकाने परस्पर निर्णय न घेता असा अर्ज बिशपकडे न्यावा. बऱ्याचदा माणसाला हवी असते ती विश्वासाची जाहीर कबुली, आणि ती दृढीकरणात होते.

केरळहून किंवा चेन्नईहून पुण्याला बदली झाली. सभासदत्व कसे बदलायचे?

चर्च ऑफ साउथ इंडिया, केरळातले मार थोमा चर्च आणि सी. एन. आय. यांची पूर्ण सहभागिता आहे. जुन्या पाळकांचे सभासदत्वाचे पत्र आणावे, दृढीकरण झाल्याची तारीख त्यात असावी. पुन्हा काही विधी करावा लागत नाही.

ब्रिटिश काळात छावणीतला पाद्री बिशपच्या हाताखाली होता की सैन्याच्या?

दोघांच्या, आणि तिथेच खटके उडत. पगार सरकारच्या धर्मखात्यातून, नेमणूक आणि बदली सरकारी, पण सेवेचा परवाना बिशपचा. रविवारची परेड-उपासना किती वाजता आणि किती वेळ, हे कमांडिंग अधिकारी सांगे. उपासना कशी करायची हे बिशप सांगे. महाराष्ट्रात पुणे, खडकी, कामठी, देवळाली, अहमदनगर अशा ठिकाणी छावणीची चर्च उभी राहिली ती याच व्यवस्थेतून. कुलाब्याचे अफगाण चर्च म्हणजे सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट हे पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांचे स्मारक आहे. त्याची प्रतिष्ठापना 1858 मध्ये झाली. काही छावणी चर्चच्या बाकांना बंदुका टेकवायला खाचा दिसतात: 10 मे 1857 च्या रविवारी मेरठला उठाव झाल्यावर गोरे सैनिक उपासनेलाही शस्त्र घेऊन येऊ लागले.

1 मार्च 1930 रोजी भारतातले अँग्लिकन चर्च कायद्याने इंग्लंडच्या चर्चपासून वेगळे झाले. तरी सैन्यासाठी सरकारी पाद्री राहिलेच. स्वातंत्र्यानंतर ते खाते बंद झाले.

महायुद्धातल्या पाद्रींमुळे चर्चची एकी जवळ आली, असे म्हणतात. खरे आहे का?

अर्धे खरे. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या ब्रिटिश फौजेचे मुख्य पाद्री जॉन सिम्स हे प्रेस्बिटेरियन होते. त्यांच्या हाताखाली सगळ्या पंथांचे पाद्री काम करत. पण 1915 मध्ये अँग्लिकनांसाठी वेगळी व्यवस्था करून खार्टूमचे बिशप ल्वेलिन ग्विन यांना उपमुख्य पाद्री नेमले गेले. म्हणजे वरच्या पातळीवर एकी नव्हे, फारकत झाली. खंदकात मात्र मरणाऱ्या शिपायाजवळ जो पाद्री असेल तो प्रार्थना करी, पंथ विचारायला वेळ नसे. त्या युद्धात तीन अँग्लिकन पाद्रींना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला: मेलिश, ॲडिसन आणि हार्डी. 1920 च्या लॅम्बेथ परिषदेने सगळ्या ख्रिस्ती लोकांना एकीचे आवाहन केले, त्यामागे युद्धाचा हा अनुभव होताच. तसाच मिशन क्षेत्रातला दबावही होता: 1919 मध्ये तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला भारतीय पाळकांनी एकीचे निवेदन काढले ते खंदकामुळे नव्हे, गावोगावी पाश्चात्त्य पंथांच्या भिंती निरर्थक वाटल्यामुळे.

आज भारतीय लष्करात पाद्री कसे होता येते?

लष्करात पंडित, ग्रंथी, मौलवी, बौद्ध भिक्खू आणि पाद्री हे सगळे धर्मगुरू या एकाच प्रवर्गात भरती होतात. हुद्दा नायब सुभेदार, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर. अर्ज लष्कराच्या भरती संकेतस्थळावर, जाहिरात निघाल्यावरच.

पाद्रीसाठी अट अशी: योग्य धार्मिक अधिकाऱ्याकडून पाळकपदाची दीक्षा झालेली असावी आणि स्थानिक बिशपच्या मान्य यादीत नाव अजून असावे. शिवाय कोणत्याही शाखेची पदवी लागते. अलीकडच्या जाहिरातींत पुरुष उमेदवारांसाठी वय 25 ते 34, उंची 160 सेंटिमीटर, छाती 77 सेंटिमीटर, वजन 50 किलो आणि 1.6 किलोमीटर धाव 8 मिनिटांत, असे निकष होते. लेखी परीक्षेत दोन पेपर, प्रत्येकी 50 प्रश्न आणि 100 गुण: एक सामान्य ज्ञानाचा, दुसरा आपल्या धर्माचा. चुकीच्या उत्तराला गुण कापतात. पुढे मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. आकडे दर जाहिरातीत पडताळून पाहावेत.

कागदपत्रांत नेहमी अडते ते असे. बिशपचे पत्र जुने असते किंवा नाव यादीत आहे असे त्यात स्पष्ट लिहिलेले नसते. नुसते चारित्र्याचे प्रशस्तिपत्र चालत नाही. दीक्षा फक्त डीकनची झालेली असते. दीक्षापत्रावर बाप्तिस्म्याचे नाव आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर घरचे नाव असते. ज्या स्वतंत्र मंडळ्यांत बिशपच नाही, त्यांच्या पाळकांना ही अट पुरी करणे मुळातच कठीण जाते. धावण्याचा सराव तीन महिने आधी सुरू करावा. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या विद्यालयात, बसून काढलेली वर्षे आठ मिनिटांत उघडी पडतात.

धर्मगुरूंचे प्रशिक्षण आपल्या पुण्यातच, इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये होते. तिथे इतर धर्मांचेही शिकवतात, कारण युनिटमध्ये पाद्रीला सगळ्यांसोबत सर्वधर्म स्थळात (सगळ्या धर्मांच्या सामायिक प्रार्थनास्थळात) उभे राहायचे असते.

त्याची कामे कोणती?

उपासना आणि सणांचे विधी, अंत्यविधी, रुग्णालयातल्या आजाऱ्यांची भेट, शिक्षा भोगणाऱ्या जवानांची भेट, मुलांना धर्मशिक्षण, आणि जवानांच्या कुटुंबांची विचारपूस. नागा, आसाम किंवा मद्रास रेजिमेंटच्या पलटणीत ख्रिस्ती जवान बरेच असतात. इतरत्र पाद्रीच्या वाट्याला एकेकटे जवान येतात.

इंग्लंडमध्ये पाद्री अधिकारी असतो. इथे का नाही?

व्यवस्था वेगळी आहे. ब्रिटिश भूदलात पाद्री बहुधा कॅप्टनच्या हुद्द्यावर रुजू होतो. तिथल्या नौदलात तर पाद्रीला हुद्दाच नसतो, समोरच्याचा हुद्दा तोच त्याचा मानतात. कँटरबरीचे आर्चबिशप आपल्या वतीने सैन्यासाठी एक बिशप नेमतात. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही अँग्लिकनांचा सैन्यासाठी वेगळा बिशप आहे. आपल्याकडे सी. एन. आय. चा असा बिशप नाही, पाद्री ज्या डायोसीसमधून गेला तिथल्याच यादीत राहतो. म्हणून बिशपने वर्षातून एकदा तरी त्याच्याशी संपर्क ठेवावा. निवृत्तीनंतर परतलेल्या पाद्रीला मंडळीत कुणी ओळखत नाही, असे व्हायला नको.

पाद्री शस्त्र बाळगतो का? पकडला गेला तर?

1949 च्या पहिल्या जिनिव्हा कराराचे कलम 24 सैन्यातल्या धर्मसेवकांना वैद्यकीय पथकासारखेच संरक्षण देते. त्यांनी डाव्या दंडावर रेड क्रॉसची पट्टी बांधायची आणि ओळखपत्र जवळ ठेवायचे. शत्रूच्या हाती पडले तर ते युद्धकैदी ठरत नाहीत. कैद्यांना गरज असेल तेवढ्यापुरते त्यांना ठेवून घेता येते, आणि तेव्हाही कैद्यांना भेटण्याची सोय द्यावी लागते. हे संरक्षण लढाईत भाग न घेण्यावर अवलंबून आहे. पाद्रीला पहाऱ्यावर किंवा दारूगोळ्याच्या कामाला लावले की तो स्वतःचेच कवच घालवतो, हे कमांडिंग अधिकाऱ्यालाही सांगून ठेवावे.

युनिटमध्ये कॅथलिक, बॅप्टिस्ट, सी. एन. आय. असे सगळे असतील तर प्रभुभोजन कसे?

प्रार्थना, गीते आणि वचन सगळ्यांना एकत्र. प्रभुभोजनाला मात्र सी. एन. आय. चा पाळक असेल तर कॅथलिक जवान त्यांच्या चर्चच्या नियमानुसार ते घेत नाही, आणि उलटही तसेच. त्याला आग्रह करू नये. जवळच्या कॅथलिक फादरांना महिन्यातून एकदा बोलावण्याची विनंती युनिटकडे लेखी द्यावी. नाताळच्या आधी तीन आठवडे दिली तर गेटपास आणि गाडीची सोय होते, आदल्या दिवशी होत नाही.

जवानाचे लग्न छावणीच्या चर्चमध्ये लावता येते का?

येते. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात बिशपकडून दीक्षा झालेला पाळक आपल्या चर्चच्या रीतीने लग्न लावू शकतो. इतर पाळकांना सरकारी परवाना लागतो. वर 21, वधू 18 पूर्ण. पाळकाखेरीज दोन साक्षीदार. लग्न सर्वसाधारणपणे सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेत. मंडळीत आगाऊ जाहीर करण्यासाठी दोघांच्या मूळ मंडळ्यांना वेळेत कळवावे. रजा दहा दिवसांची आणि तीन रविवारांच्या घोषणा बाकी, असा पेच दरवर्षी पडतो. रजा मंजूर व्हायच्या आधीच पत्र टाकावे.

खापरपणजोबा खडकी छावणीत होते. बाप्तिस्म्याची किंवा दफनाची नोंद कुठे मिळेल?

दोन ठिकाणी शोधा. मूळ रजिस्टर त्या चर्चमध्ये किंवा डायोसीसच्या कार्यालयात असते. त्याशिवाय मुंबई इलाख्यातल्या पाद्रींनी नोंदींच्या प्रती वेळोवेळी लंडनला पाठवल्या, त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात एन/3 या मालिकेत आहेत. एन/1 बंगालची, एन/2 मद्रासची. अर्जात नाव, अंदाजे वर्ष, छावणी आणि पलटण द्या. पलटण कळली की शोध निम्म्यावर येतो, कारण पलटणी हलत असत आणि मुलाचा बाप्तिस्मा कामठीला तर बापाचे दफन देवळालीला असे सर्रास दिसते. आडनावाचे स्पेलिंग तीन-चार प्रकारे तपासा. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाची कबर असेल तर चर्चकडे न जाता खडकीच्या युद्ध स्मशानभूमीची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत आधी पाहा. तिथे नावावरून प्लॉट, रांग आणि कबरीचा क्रमांक मिळतो.